फोक्सवॅगन पोलो गाडी ४० मिमी खाली घ्यायची आहे, मागच्या सीटचा आराम न घालवता

टीएसआय_वाकड
पोलो जीटी टीएसआय, २०१४ची, ९२ हजार किमी, शॉकअप मूळचेच, टायर १८५/६० आर१५. महिन्यातून दोनदा आई-बाबा मागे बसून साताऱ्याला. एक गॅरेज म्हणतं फक्त स्प्रिंग बदला. दुसरं मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो म्हणतं. काय करावं?

कमानपाटा
कापायचं आधी डोक्यातून काढा. काम करणारे पाच वेढे असतील आणि एक गेला, तर स्प्रिंग थेट २५ टक्के कडक होते. शिवाय कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीच्या खाचेत बसत नाही. चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून हलते.

आराम जातो तो स्प्रिंग कडक झाल्याने कमी, शॉकअपची चाल, म्हणजे दबायची जागा, संपल्याने जास्त. स्प्रिंग २० टक्के कडक केली तरी गाडीच्या डोलण्याची गती जेमतेम साडेनऊ टक्के वाढते, ते अंगवळणी पडतं. पण ४० मिमी खाली आणि मागे दोघं बसली की बंपस्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेला रबरी अडथळा, जवळजवळ टेकलेलाच असतो. मग खड्ड्यात जो धप्प आवाज येतो तो त्याचा.

आज जशी गाडी आहे तशीच मोजा. मागच्या शॉकअपचं रबरी बूट (धुळीचं आवरण) वर सरकवा, चकचकीत दांड्यावर झिपटाय (प्लास्टिकची आवळपट्टी) आवळा, खाली सिलिंडरला टेकवा आणि चौघं बसून नेहमीच्या रस्त्याने फिरून या. झिपटाय जिथे थांबला तिथून बंपस्टॉपपर्यंतची जागा हीच तुमची शिल्लक. ती १५ मिमी निघाली तर ४० खाली घेऊन काय होणार ते दिसतंच आहे.

माझं मत, २५ ते ३० मिमीवर थांबा. समोर मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात आणि खाली चाक धरणारा एक लोअर आर्म. त्याहून खाली गेलात की लोअर आर्म चाकाकडे चढतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीपेक्षा जास्त खाली घसरतं आणि कडक स्प्रिंगचा वळणातला फायदा त्यातच खर्ची पडतो.

९२ हजार चाललेले शॉकअप नव्या स्प्रिंगची उसळी आवरणार नाहीत, तेव्हा दोन्ही एकदम बदला. बिलस्टीनमध्ये बी८ घ्या, तो खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड असतो. बी६ मूळ उंचीचा. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाख स्प्रिंगचा जोडसंच. मात्र बी८ मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, बारीक खडबडीत रस्त्यावर टणक लागतो. आई-बाबांचा विचार करता कोनी स्पेशल अ‍ॅक्टिव्ह बघा: चटकन येणाऱ्या बारीक धक्क्याला त्यातली जादा झडप तेल सोडते, वळणातल्या संथ हालचालीला गाडी धरून ठेवते. तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवूनच मागवा.

बुश_आणि_बोल्ट
बसवतानाचं सांगतो. स्ट्रट माउंट (स्ट्रटची वरची रबरी बैठक), बेअरिंग, बंपस्टॉप, बूट आणि दांड्याचा नट नवे घ्या. तो नट इम्पॅक्ट गनने फिरवू देऊ नका, दांडा गरगरतो आणि सील जातं.

सगळ्यात जास्त चूक होते ती बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीत. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बोल्ट आधी सैल करा आणि शेवटी गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. लटकलेल्या चाकांवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी उंच दिसते, बसायला कडक लागते आणि बुश लवकर फाटतो. मग दोष नव्या शॉकअपवर येतो.

दोनशे किमी चालवून अलाइनमेंट. समोरचा टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) नक्की बदललेला असेल. मागे बीम असल्याने तिथे फिरवण्यासारखं काही नाही. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या.

टीएसआय_वाकड
३० मिमी ठरवतो. स्पीडब्रेकरला घासेल का? १६ इंची चाकं आताच घ्यावीत का?

कमानपाटा
रिकाम्या गाडीला १६५ मिमीच्या आसपास क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) धरा, म्हणजे उरले १३५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, त्यावरून सावकाश जाईल. सोसायटीतले आखूड उंचवटे त्या मापाचे नसतात; तिथे चौघं असताना तिरकी काढा.

चाकं १५ इंचीच ठेवा. १८५/६० टायरची भिंत १११ मिमी आहे, १६ इंचावर २०५/४५ घेतलात तर ९२. जवळपास दोन सेंमी रबर कशाला घालवायचं?