मैत्रिणीचा डबा अजून माझ्याकडे आहे. परत पाठवू का?

भाकरतुकडा
नमस्कार. मी फलटणची, वय ५१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रश्न डब्याचा आहे, पण डब्याचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

स्टीलचा दोन किलोचा डबा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी माझ्या मैत्रिणीचं नाव कोरलंय, खाली १९९७. तिच्या लग्नात मामांनी दिलेला. २०१८ च्या दिवाळीत त्यातून चकल्या आल्या होत्या. चकल्या आठ दिवसांत संपल्या, डबा राहिला. रिकामा कसा द्यायचा म्हणून संक्रांतीला तिळाच्या वड्या घालून द्यायचं ठरवलं होतं. आणि त्या संक्रांतीलाच सगळं संपलं.

आमची ओळख १९९३ ची, डी.एड.च्या वसतिगृहातली. एका खोलीत दोन वर्षं काढली. पुढे तिची सासर-नोकरी बारामतीला, माझी इथं. एसटीने तासाभराचं अंतर, त्यामुळे ताटातूट अशी कधी झालीच नाही. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली की आमच्या आळीत एक दिंडी उतरते. त्या दिंडीच्या पिठलं-भाकरीसाठी मैत्रीण दर वर्षी आदल्या दिवशी यायची. ती पीठ मळायची, मी थापायची. पहाटे तीनला चूल पेटवायची आणि उजाडेपर्यंत दुरड्या भरायच्या. पीठ कसं मळलंय ते भाकरी थापताना हाताला कळतं. तिचं पीठ कधी काठाला चिरलं नाही.

तिच्या मुलाने पुण्यातलं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, घरी सासऱ्यांनाही माहीत नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी त्याची चौकशी केली आणि मी बोलून गेले. त्या बाई तिच्या सासरच्या नात्यातल्या निघाल्या. चार दिवसांनी तिचा फोन आला. “तू सांगितलंस का?” मी म्हटलं, “अगं, ओघात निघून गेलं.” ती म्हणाली, “बरं.”

भांडण नाही, तंडण नाही. त्या आषाढीला “पाय दुखतोय” म्हणून आली नाही. मग २०२० आणि २०२१ ला पालखी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आमची आळी सुनी राहिली. त्यानंतर पालखी पुन्हा आली, ती नाही आली. मी पाडव्याला, दिवाळीला मेसेज टाकते. निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही.

माणूस गेलं तर शेजारीपाजारी कडू घास घेऊन येतात. दहावा असतो, तेरावा असतो, चारचौघांत रडता येतं. मैत्री गेली त्याचं सुतक कोण धरणार? नवरा म्हणतो, “तुला काय मैत्रिणींची वाण आहे का?” शाळेत रोज पसायदान होतं. परस्परांत मैत्र पडो, त्या ओळीला माझा आवाज अडकतो. पोरं पुढं जातात, मी नुसते ओठ हलवते.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी विठ्ठलमंदिरात हरिपाठाला जायला लागले. पहिल्याच दिवशी हरिपाठ संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले आणि सत्तरीच्या एक आजी वाकून माझ्या पाया पडल्या. मी मागे सरकले तर म्हणाल्या, “अगं, तुझ्यातल्या माउलीच्या पडते.” मी तिथंच खांबाला धरून रडले. कोणी काही विचारलं नाही, एकीने टाळ माझ्या हातात दिले. तेव्हापासून रोज जाते. दिवसातला तेवढा वेळ छातीवरचं ओझं उतरतं.

आता पालखी पुन्हा जवळ आलीय. डबा फडताळात समोरच दिसतो. परत पाठवू का? पाठवला तर त्यात काय घालू?

रानजाई
ताई, वाचून डोळे भरले. पण डबा पाठवू नका असं मला वाटतं. परत पाठवला म्हणजे तुम्ही हिशेब मिटवताय असा तिचा समज होईल. तो तुमच्याकडे आहे तोवर काहीतरी बाकी आहे. राहू द्या.

अभंगवेडा
ताई, सुतक धरणारा एक आहे. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. ज्ञानोबा समाधीला बसले तेव्हा नामदेव तिथं होते. दोघांनी बरोबर तीर्थयात्रा केलेली. समाधीच्या अभंगांत नामदेवांनी जो आकांत मांडलाय तो एका मित्राचा आहे. त्यात संत रडतात आणि खुद्द विठ्ठलही कासावीस होतो. आणि परंपरेप्रमाणे नामदेवांची समाधी १३५० ची. म्हणजे मित्र गेल्यावर चोपन्न वर्षं ते जगले, कीर्तन करत पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. मला स्वतःला वडील गेल्यावर समाधीच्या अभंगांनीच सावरलं. कार्तिकीला आळंदीला जाऊन या, इंद्रायणीकाठी बसून मोकळं रडा.

भाकरतुकडा
दादा, मनापासून आभार. हे अभंग मी कीर्तनात ऐकलेत, पण मित्राचा आकांत म्हणून कधी ऐकले नव्हते. तरी एक सांगते, राग मानू नका. ज्ञानोबा नामदेवांवर रुसून गेले नव्हते. माझी मैत्रीण तासाभराच्या अंतरावर जिवंत आहे, रोज शाळेत जाते, हसते, जेवते. फक्त माझ्याशी बोलत नाही. ती गेली असती तर मी तिच्यासाठी रडले असते. आता नक्की कोणासाठी रडते तेच मला कळत नाही.

पाटपाणी
जरा स्पष्ट बोलते. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. पाडव्याचा मेसेज, दिवाळीचा मेसेज, डबा, हरिपाठ, सगळं आहे. “माझं चुकलं” हे तिला म्हटल्याचं कुठं दिसलं नाही. “ओघात निघून गेलं” ही माफी नव्हे. तिच्या जागी मी असते तर दिवाळीच्या पणत्यांचे फोटो बघून मला आणखी राग आला असता. आणि त्या पोराचं काय? सासरी समजल्यावर त्या घरात काय झालं असेल याचा विचार केलात का?

रानजाई
पाटपाणी, खरं असेल, पण किती टोचून बोलता! त्या आधीच खचल्यात.

भाकरतुकडा
रानजाई, टोचू द्या त्यांना. काल हे वाचून मी फोन बंद करून ठेवला होता. रात्रभर झोप नाही. पाटपाणीताई, नाही म्हटलं मी. एकदाही नाही. पहिल्यांदा वाटलं, एवढ्यातेवढ्याला काय. मग वाटलं, आता फार दिवस झाले. मग तर मीच रुसले, की तीस वर्षांच्या मैत्रीला एवढी किंमत? त्या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. सासऱ्यांनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता असं मला नंतर तिसऱ्याकडून कळलं, आणि ते ऐकूनही मी तिला फोन केला नाही.

आज हरिपाठात हे सगळं विठोबापुढे बोलले, मोठ्याने नाही, मनात. त्याला सांगायला सोपं जातं.

दिंडीतला
माउली, एकोणीस वर्षं रथामागच्या दिंडीत चालतोय, फलटणची भाकरी खाल्लीय. कोण जाणे, तुमच्या दोघींच्या हातचीही खाल्ली असेल.

मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती होते ती तुम्ही तुमच्या पालखीतळावर पाहिली असेल. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचेच टाळ खणखणत राहतात. मग चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो आणि मगच आरती. आमच्या दिंडीने एकदा पाण्याच्या टँकरवरून टाळ चालू ठेवले होते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नसतं. तक्रार पोटात घेऊन आरतीला उभं राहायचं नाही, एवढंच. त्याच वेळी वाटेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचाही पुकारा होतो. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा.

तुमच्या मैत्रिणीने “बरं” म्हटलं तेव्हा तिचे टाळ चालूच होते. तुम्हाला वाटलं, शांत झालं.

नगरची मावशी
मी ख्रिस्ती आहे, माझ्या पद्धतीने सांगते, चालेल ना? मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूचं सांगणं आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, समेट कर, मग ये. लहानपणापासून पाठ होतं. चर्चच्या गायनमंडळातल्या एका मैत्रिणीशी माझं बिनसलं तेव्हा अंगावर आलं. मी गेले तिच्याकडे. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ऐकलं. पण आता पूर्वीसारखं होणार नाही.” आजही नाही झालं. रविवारी समोरासमोर आलो तर मान हलवतो.

तरी त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की माझं तोंड उघडतं. तुमचं पसायदान अडकतं म्हणालात, म्हणून लिहिलं. जाताना ती परत येईल अशी आशा बांधून जाऊ नका. नुसतं सांगायला जा. आणि त्या मुलाची माफी वेगळी मागा, तो आता मोठा असेल.

भाकरतुकडा
मावशी, चालेल काय विचारता. तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं.

चिठ्ठी लिहिली आहे. तीन कागद फाडले. पहिल्यात मी वसतिगृहापासून सुरुवात केली होती, दुसऱ्यात माझी बाजू आली होती. आता चार ओळी उरल्या आहेत. “तू विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर बोलले. तू विचारलंस तेव्हा ‘ओघात’ म्हणून अंग काढून घेतलं. चुकलं माझं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.” तिच्या मुलासाठी वेगळी दोन ओळींची आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की बारामतीची एसटी धरते. डबा चिंचेने घासून उन्हात पालथा घातलाय. त्यात शेंगदाण्याची चटणी घालणार आहे, खलबत्त्यात कुटलेली, लसूण जास्त. वसतिगृहात मी घरून आणली की ती बोटाने चाटून संपवायची. घरी नसलीच तर डबा शेजारी ठेवून येईन.

पालखीच्या भाकरीला आळीतली नवीन सून येते म्हणालीय. तिला पीठ मळायला शिकवायचं आहे.