डायव्हर्टिक्युलायटिस: बिया कायमच्या बंद? भाकरी कधीपासून?

प्रश्न
आईचं (वय ५८) ओटीपोट डावीकडे दुखत होतं, अंगात कणकण होती. सीटी स्कॅनमध्ये सिग्मॉइडचा (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडचा भाग) डायव्हर्टिक्युलायटिस निघाला, म्हणजे आतड्याच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या छोट्या पिशव्यांना सूज. गळू नाही, छिद्र नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, घरीच ठेवलंय. हे बरोबर आहे ना? शिवाय सगळे सांगताहेत, पेरू, टोमॅटो, शेंगदाणे आयुष्यभर सोडा. ज्वारीची भाकरी कधी द्यावी?

उत्तर १
अँटिबायोटिक न देणं ही हयगय नाही. अशा साध्या दुखण्यावर स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये चाचण्या झाल्या. अँटिबायोटिकने रुग्ण लवकर बरे झाले नाहीत. स्टेरॉइड चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

पहिले दोन-तीन दिवस भाताची निवळ, वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, शहाळं. दुखणं उतरलं की मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, कुस्करलेला दुधी. भाकरी आत्ता नको. आतडं सुजलेलं असताना फायबरने गॅस धरतो आणि कळा वाढतात. पोट पूर्ण शांत झालं की अर्ध्या भाकरीपासून सुरुवात करा, तीन-चार दिवसांनी एक. नंतर मात्र फायबर हवंच, दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम असतं. इसबगोल घेणार असाल तर एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, कालवल्या कालवल्या प्यायचं. पाणी कमी पडलं तर मळ उलट घट्ट होतो.

उत्तर २
बी पिशवीत अडकते हा तर्क जुना, पण पुराव्यावर टिकला नाही. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांवर १८ वर्षं लक्ष ठेवून २००८ साली निष्कर्ष आले: दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला नाही. रक्तवाहिन्या आतड्याच्या स्नायूतून आत शिरतात तिथे भिंत नाजूक असते, अस्तर तिथूनच बाहेर फुगतं. त्यात पेरूचा काय दोष? बरं वाटल्यावर खुशाल द्या.

उत्तर ३
वेदनाशामकाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. त्यांनी छिद्र आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतं, घरात सहज हाताशी असते म्हणून देऊ नका.

ताप वाढला, पोट लाकडासारखं कडक झालं, उलट्या थांबेनात, शौचातून रक्त गेलं तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. लघवीतून बुडबुडे आले तरी लगेच दाखवा; आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट झाल्याची ती खूण असते.

कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) आधी झाली नसेल तर सहा ते आठ आठवड्यांनी करण्याबद्दल विचारा. कर्करोगही स्कॅनमध्ये कधीकधी असाच दिसतो. आत्ता मात्र नको, आत हवा भरताना सुजलेली भिंत फाटू शकते.