लहान होडीवरील पॅडलव्हील स्पीड सेन्सर: जागा बदलावी की काढून टाकावा?

खाडीकाठ:
नमस्कार. माझ्याकडे साडेपाच मीटर लांबीची फायबरची होडी असून तिला ४० अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड इंजिन आहे. मांडवा आणि धरमतरची खाडी या परिसरात मी ती चालवतो. आधीच्या मालकाने मागच्या पाटीवर, म्हणजे ट्रान्समवर, पॅडलव्हीलचा, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या छोट्या चाकाचा, स्पीड सेन्सर बसवलेला आहे. सावकाश चालताना त्याचा आकडा पटण्याजोगा असतो. परंतु होडी पाण्यावर उचलली जाऊन धावू लागली की तो एकदम खाली येतो, कधी शून्यही दाखवतो. शिवाय होडी आठवडाभर नांगरावर राहिली की चाक अडकते. सेन्सरची जागा बदलावी, की जीपीएस असताना तो काढूनच टाकावा? जागा बदलायची झाल्यास पाटीला पुन्हा भोके पाडणे कितपत सुरक्षित आहे?

लाटांपल्याड:
माझे मत स्पष्ट आहे: काढून टाका. आपल्याला मासेमारीच्या जागेपर्यंत जाऊन परत यायचे आहे, आणि किती वेळात पोहोचू हे जीपीएस सांगतेच. पाण्याखाली फिरणारा कोणताही भाग म्हणजे कायमची देखभाल आली.

शिडवाला:
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग सांगते, तर हे चाक पाण्यातून होणारा वेग मोजते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. एवढे पाणी खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करताना जी ओढ निर्माण होते ती या दोन आकड्यांतील फरकातूनच कळते. जीपीएस सहा नॉट (ताशी सागरी मैल) आणि चाक आठ नॉट दाखवत असेल, तर दोन नॉटचा प्रवाह समोरून येत आहे, आणि ओहोटी संपेपर्यंत थांबल्यास इंधन वाचेल, हे आपल्याला तिथेच समजते. शिडाच्या होडीवर तर या आकड्यावाचून खऱ्या वाऱ्याचा हिशेबच जुळत नाही. तेव्हा प्रवाह पाहून निघण्याची वेळ ठरवत असाल तर सेन्सर ठेवा, अन्यथा नका ठेवू.

आता दोषाविषयी. या चाकाच्या पात्यांत चुंबक असतात आणि ते समोरून जाताना आतला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा भाग, प्रत्येक वेळी एक स्पंद पाठवतो. होडी किनाऱ्यावर असताना डिस्प्ले चालू करून चाक बोटाने फिरवून पाहावे. आकडा हलला तर वायरिंग ठीक आहे. आपल्याकडे कमी वेगात आकडा बरोबर येतो, त्यामुळे बिघाड विजेचा नसून चाकापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्याचा आहे, असे मला वाटते. होडी धावू लागली की तळाच्या उभ्या पट्ट्यांमागून आणि इंजिनाच्या पायाशेजारून फेसाळ पाणी सुटते, आणि हवेने भरलेल्या त्या पाण्यात चाक नीट फिरत नाही.

एकच इंजिन असेल आणि त्याचा पंखा (प्रोपेलर) मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर सेन्सर उजव्या बाजूला घ्यावा, कारण तिथे पाती खाली जात असतात आणि पाणी तुलनेने शांत राहते. इंजिन पूर्ण वळवल्यावर पंखा जिथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे किमान ७५ मिलिमीटर अंतर सोडावे, पण तेवढे राखून मध्यरेषेच्या जवळच राहावे, कारण कडेला गेल्यास वळणावर तो भाग पाण्याबाहेर येतो. सेन्सरच्या थेट पुढे तळावर पट्टी, पाणी घेण्याचे छिद्र किंवा स्क्रूचे डोके नसावे. उंचीबाबत मात्र कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्याच होडीवर ठरवा. ब्रॅकेटच्या लांबट खाचांत तो खाली-वर करता येतो. आकडा तुटत असेल तर थोडा खाली घ्यावा, मागे पाण्याचा फवारा उडू लागला तर थोडा वर. चाक पाण्याच्या प्रवाहाला समांतर असणे आवश्यक आहे.

भोकांची भीती रास्त आहे. बहुतेक फायबर होड्यांच्या पाटीत प्लायवूड असते आणि एका सैल स्क्रूवाटे शिरलेले पाणी ते आतून कुजवते. जुनी भोके कोरडी करून इपॉक्सीने भरावीत. नवी भोके पाडताच त्यांच्या आतील कडांनाही इपॉक्सी लावावे, मग मरीन सीलंट लावून स्टेनलेस स्क्रू बसवावेत. त्याहून चांगले म्हणजे एचडीपीई या टणक प्लास्टिकचा जाड तुकडा एकदाच पाटीवर पक्का बसवून सेन्सर त्यावर स्क्रूने लावावा, म्हणजे पुढचे सगळे प्रयोग त्या तुकड्यावर होतील आणि पाटी सुरक्षित राहील. केबल इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी आणि पाटीतून आत घेण्याचे भोक पाण्याच्या रेषेच्या वर ठेवावे.

भरतीओहोटी:
चाक अडकण्याविषयी थोडे सांगतो. आपल्या उबदार पाण्यात बार्नेकल या कवचाच्या समुद्री जीवांची पिल्ले चिकटायला फार दिवस लागत नाहीत. चाकाच्या खोबणीत त्यांना आडोसाही मिळतो. ब्रॅकेट वर उचलण्याची सोय असेल तर नांगरावर असताना सेन्सर पाण्याबाहेर ठेवावा, यासारखा उपाय नाही. अन्यथा खोबणीला आणि सेन्सरच्या उघड्या भागाला पाण्यावर आधारलेला (वॉटर-बेस्ड) अँटिफाउलिंग, म्हणजे असे जीव चिकटू न देणारा, रंग पातळ लावावा. सॉल्व्हंटवर आधारलेला रंग, अ‍ॅसिटोन किंवा थिनर प्लास्टिक खराब करतात. सफाईला मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवताना चाक काढून त्याचा दांडा तपासावा. तो झिजून चाक डगमगू लागले असेल तर दांड्यासह नवे चाक घालणे हेच शहाणपणाचे, कारण खोडसाळ आकड्याचे पुढचे कारण बहुधा तेच असते.

तळातून आरपार बसवलेला सेन्सर ज्यांच्याकडे आहे त्यांनी नांगरावर तो बाहेर काढून त्या जागी बंद प्लग घालावा आणि ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस लावावे.

खाडीकाठ:
सर्वांचे आभार. पंखा घड्याळाच्या दिशेनेच फिरतो आणि सेन्सर डावीकडे, नेमका तळाच्या पट्टीमागे आहे. तो उजवीकडे हलवतो. नव्या जागी कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या वेगाशी जुळवणे, कसे करावे? जीपीएसशी आकडा जुळवला की पुरे का?

शिडवाला:
एकाच दिशेने जुळवल्यास प्रवाहाची चूकही त्यात शिरेल. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून एकच पट्टा दोन्ही दिशांनी धावावा आणि दोन वेगांची सरासरी घ्यावी, दोन वेळांची नव्हे. समजा, एक सागरी मैल जाताना सहा मिनिटे आणि येताना साडेसात मिनिटे लागली, तर वेग दहा आणि आठ नॉट, सरासरी नऊ. एकूण साडेतेरा मिनिटांनी दोन मैलांना भागल्यास ८.९ येईल आणि ते चूक ठरेल, कारण प्रवाहाविरुद्ध होडी अधिक वेळ राहिलेली असते. डिस्प्ले दोन्ही फेऱ्यांत सरासरी ८.१ दाखवत असेल तर गुणक ९ भागिले ८.१, म्हणजे सुमारे १.११ टाकावा. हे काम भरती किंवा ओहोटी पालटतानाच्या स्थिर पाण्यात, वारा नसताना, आणि होडी धावत असतानाच्या वेगावर करावे. शक्य असल्यास कमी वेगावर वेगळे, कारण अनेक डिस्प्लेंमध्ये दोन वेगांसाठी स्वतंत्र गुणक ठेवता येतात.