'कार्य' की 'प्रकार्य'?

गोदाकाठी: बहिणीच्या एमएच्या समाजशास्त्राच्या नोट्स मराठीत करून देतेय. इंग्रजी 'फंक्शन'साठी 'धर्माचे समाजातील कार्य' असं लिहिलं, तर तिच्या सरांनी जिथे तिथे 'कार्य' खोडून 'प्रकार्य' केलं. पानभर लाल शाई! 'संरचनात्मक प्रकार्यवाद' (समाजाचा प्रत्येक भाग समाज टिकवायला हातभार लावतो असं मानणारा) हे सिद्धान्ताचं नाव ठीक आहे, पण साध्या वाक्यातही हा 'प्र' हवाच का?

जुनामास्तर: हवाच. 'घरात कार्य आहे' म्हणजे लग्न नाहीतर मुंज, आणि रामकुंडावर 'कार्य' म्हणजे दहावा. 'धर्माचे कार्य' वाचून पोरं उत्तरात पूजाअर्चा लिहून येतात.

सिडकोवाली: मग 'शनिवारी फंक्शन आहे' असंही म्हणतोच की आपण. म्हणून इंग्रजांनी नवा शब्द पाडला का? 'प्रकार्य' हिंदीतही चालतो, पुस्तकी आहे, तोंडात कुणाच्या नाही.

जुनामास्तर: ताई, तोंडात 'गुरुत्वाकर्षण'ही नसतं. मुद्दा हेतूचा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९५ मध्येच बजावलं, प्रथा कशामुळे उपजली आणि आज ती समाजाची कोणती गरज भागवते, हे प्रश्न वेगवेगळे ठेवा. कुणाचा उद्देश काय होता ते त्यात आणू नका. मराठीत 'कार्य' म्हटलं की कुणीतरी मनावर घेऊन केलेलं, जसं 'समाजकार्य'. प्रकार्याला कर्ता लागत नाही.

तिवंधेकर: आपली नाशिकची रहाड घ्या ना, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद. रंगपंचमीला धप्पा मारणारा रंगात डुंबायला उडी मारतो, बास. पण वर्षभर बुजवलेली रहाड उकरायची, फुलं उकळून रंग करायचा, पूजा करायची, यात अख्खी गल्ली राबते आणि एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे फावडं घेऊन शेजारी उभे राहतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनने १९४९ मध्ये 'सुप्त प्रकार्य' (कुणाच्या मनात नसताना साधलेलं) म्हटलं ते हेच.

संस्कृतवेडा: न्यायशास्त्रात घडा हे मातीचं 'कार्य'. म्हणजे 'परिणाम' या अर्थी हा शब्द कर्त्याविना पूर्वापार चालतोय. 'प्र' निव्वळ शोभेचा.

जुनामास्तर: अहो, तिथेच गोची! दुर्खीम कारणापासून फंक्शन तोडतोय आणि तुम्ही कार्यकारणभाव लावून परत गाठ मारताय.

पंचवटीकर: शब्द राहू द्या, प्रकार्य कुणासाठी ते बोला. देऊळ समाज बांधून ठेवतं म्हणे! २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा काळारामाची दारं बंद होती. जात म्हणजे श्रमविभागणी म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सुनावलंय, ही श्रमिकांची विभागणी आहे.

तिवंधेकर: मर्टनही विचारतोच, कुणाला उपकारक नि कुणाला घातक. घातक ते 'अपकार्य'.

सिडकोवाली: 'अपकार्य' वाचलं की पोलिसात तक्रार द्यावीशी वाटते. या दारांच्या बाबतीत मात्र शोभतो.

पंचवटीकर: 'अपकार्य' म्हणून सोडून देऊ नका. सगळं काही टिकवण्यासाठीच असतं असं धरून चाललं की सत्याग्रह हा बिघाड ठरतो. प्रकार्यवादाचा मोठा पुरस्कर्ता पार्सन्स, त्याच्यावर हाच तर आक्षेप होता.

गोदाकाठी: मग 'प्रकार्य' ठेवू ना?

संस्कृतवेडा: बाकी 'रहाड' हा 'रहाट'वरूनच आलेला असणार. दोन्हीकडे पाणी.

तिवंधेकर: पाणी हंड्यातही असतं. रहाडीवर रहाट कुणी बघितलाय?

सिडकोवाली: शनी चौकातला मामा म्हणतो खरी रहाड त्यांचीच.

तिवंधेकर: मामांना म्हणावं पंचमीला तिवंध्यात या, कपडे मात्र जुने घाला.