एकच गोळी, मामांना गुण आला, भावाला नाही. असं का?

कऱ्हाडची_ताई:
आमच्याकडे दोन पिणारे. मामांनी पंचेचाळिशीपर्यंत थेंब घेतला नव्हता. मामी गेल्यावर रोज संध्याकाळी क्वार्टर सुरू झाली. पितात, रडतात आणि सकाळी माझ्यासारख्या भाचीपुढे हात जोडतात, मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. धाकट्या भावाची सुरुवात बारावीत. प्यायला की भांडणं, दोनदा गाडी ठोकली, पश्चात्ताप शून्य. वडीलही तसेच होते. डॉक्टरांनी दोघांना सर्ट्रालीन ही नैराश्यावरची गोळी दिली, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनासाठी म्हणून. मामा बरेच सावरले. भाऊ गोळी गिळून गुत्त्यावर जातो. आई म्हणते, नाटकं करतो मेला. खरंच?

जुना_फार्मासिस्ट:
ताई, तुम्ही न कळत क्लोनिंगर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची दारुड्यांची वर्गवारीच लिहिलीत. स्टॉकहोममधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासातून १९८१ च्या सुमारास त्यांनी दोन प्रकार मांडले. पहिला उशिरा, पंचविशीनंतर सुरू होणारा; त्यात काळजी, अपराधीपणा. दुसरा लवकरचा, बापाकडून मुलाकडे येणारा, आडदांड. फिनलंडमध्ये लिनोइला आणि विर्कुनेन यांनी हिंसक गुन्हेगारांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यात बहुतेक दारुडे होते. रागाच्या भरात गुन्हा केलेल्यांमध्ये सेरोटोनिनचे अवशेष कमी सापडले.

आता गंमत बघा. कमी आहे तर वाढवलं की झालं, असं वाटतं ना? पण ती काय पाण्याची टाकी आहे, वरून ओतायला! सर्ट्रालीन नवीन सेरोटोनिन बनवत नाही, असलेलं पेशीत परत ओढलं जाणं अडवते. २००० साली अमेरिकेत तपासलं, तर सौम्य प्रकारच्या रुग्णांचं पिणं कमी झालं, तुमच्या भावासारख्यांना फायदा दिसला नाही. त्याआधी १९९६ मध्ये फ्लुऑक्सेटिन ही याच जातीची गोळी घेतलेल्या तशा रुग्णांची गत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती. तेव्हा आईंना सांगा, नाटक नसावं. अर्थात मामांना गोळीने गुण आला की दुःख जुनं झाल्याने, हे एकट्या माणसावरून ठरवता येत नाही.

सहा_वर्षं_कोरडा:
मी भावाच्या जातकुळीतला. पश्चात्ताप नसतो असं नाही हो, तो दुपारी येतो आणि संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मला गोळीपेक्षा दारू सोडणाऱ्यांच्या रोजच्या मीटिंगनं धरून ठेवलं.

कऱ्हाडची_ताई:
ऑन्डान्सेट्रॉनने लवकर सुरू झालेल्यांचं पिणं कमी होतं असं वाचलं. ती उलटीची गोळी घरात आहे, चार मिलिग्रॅमची. ताकातून देऊ?

जुना_फार्मासिस्ट:
अजिबात नको. २००० सालीच तो प्रयोग झाला, पंचविशीआधी सुरुवात झालेल्यांना फायदा दिसला हे खरं. पण मात्रा होती वजनाच्या किलोमागे चार मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. साठ किलोच्या माणसाला एका वेळी पाव मिलिग्रॅमही नाही! तुमच्या हातातली गोळी त्याच्या सोळापट. हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आणि चोरून तर काहीच देऊ नका. डॉक्टरांकडे त्याला घेऊन जा, सुरुवात बारावीत झाली आणि वडीलही प्यायचे हे आधी सांगा.

कऱ्हाडची_ताई:
वडिलांचं डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं. लाज वाटली. सोमवारी जाते.