विषय: तलावाकाठची सहल – पाण्यावर नजर कोणाची?

प्रेषक: सहल समिती (पाण्याची जबाबदारी)

मंडळी, नमस्कार.

सामानाच्या यादीत चटया, छत्र्या, चेंडू सगळं आलंय. मुलं पाण्यात असताना काठावर कोण थांबणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. "आपण सगळे तिथेच असू की" यावर मी समाधानी नाही. काठावर वीस मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघतंय. तिथे जीवरक्षक असला तरी तो अख्ख्या काठाकडे बघत असतो, आपल्या मुलांकडे नाही.

म्हणून पाळ्या लावू या. एका वेळी एकाच माणसाने फक्त पाण्याकडे बघायचं, १५ मिनिटं. त्याहून जास्त वेळ एकटक लक्ष देणं अवघड जातं. पाळीवरच्या माणसाच्या अंगात भडक रंगाची बंडी, गळ्यात शिट्टी, आणि फोन दुसऱ्याकडे. दारू घेतलेल्याने पाळी घ्यायची नाही. बंडी दुसऱ्याच्या हातात देऊन "आता तुमची पाळी, पाण्यात सात मुलं आहेत" असं तोंडाने सांगितल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. आकडा सांगणं महत्त्वाचं आहे, कारण मोजायला लागलं की एखादं मूल दिसत नसल्याचं लगेच कळतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना एवढ्याने भागणार नाही. त्यांच्याबरोबर पाण्यात, हात लांबवला की मूल हाताला लागेल इतक्या जवळ, त्यांचं स्वतःचं मोठं माणूस हवं.

आता बघायचं काय? बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच उसंत नसते, मग हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, डोकं मागे कलतं, शरीर उभं राहतं आणि पाय जवळजवळ चालत नाहीत. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मूल उभ्या उभ्या खेळतंय. हे सारं २० ते ६० सेकंद चालतं आणि मग मूल खाली जातं. तेव्हा आरडाओरड्याची वाट बघू नका. दंगा करणारं मूल एकाएकी गप्प झालं, तर आधी तिकडे बघा. हाक मारा. उत्तर आलं नाही तर सरळ पाण्यात शिरून उचला.

पोहण्याचे कपडे निळे, पांढरे, राखाडी नकोत; गढूळ पाण्यात हातभर खाली गेले की दिसत नाहीत. नारिंगी किंवा झगझगीत पिवळे आणा.

प्रेषक: एक पालक

ताई, पाळ्यांना माझा होकार. आमच्याकडे दंडाला लावायचे फुगे आणि बसायची ट्यूब आहे. तेवढं पुरेल, की लाइफ जॅकेटं भाड्याने घ्यावीत? आणि माप कसं ठरवायचं?

प्रेषक: सहल समिती (पाण्याची जबाबदारी)

दादा, जॅकेटंच घ्या. फुगे आणि ट्यूब घरी ठेवा, अगदी खेळायलासुद्धा आणू नका. फुगे ओल्या दंडावरून निसटतात, त्यांची हवा जाते. ट्यूब वाऱ्याबरोबर आत सरकते आणि कलंडली तर मूल पाय वर, डोकं खाली असं अडकू शकतं. शिवाय फुग्यांमुळे मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लागते आणि आपल्याला पोहता येतं असा त्याचा समज होतो.

जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं. किती वजनापासून किती वजनापर्यंत चालेल ते आतल्या लेबलावर असतं. बऱ्याच जॅकेटांवर न्यूटनमध्ये आकडाही असतो, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगत ठेवतं त्याचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथेच. शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करेल याची खात्री नसते. पोहता न येणाऱ्या मुलांना १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं हवं. आपल्याकडे नेमका हाच पट्टा लोंबत ठेवला जातो. मग पाण्यात जॅकेट वर जातं आणि मूल त्यातून खाली सरकतं.

तपासायची रीत अशी: सगळे पट्टे आवळा, मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत आलं तर माप मोठं आहे. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. आणि जॅकेट घातलं म्हणून पाळी सुटत नाही.

आणखी एक. तलावाचं पाणी वरून कोमट लागतं, पण थोडं खाली ते बरंच गार असू शकतं. अंग एकदम गार पाण्यात गेलं की आपोआप जोरात श्वास आत ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून उड्या नाहीत. चालत चालत आत जायचं. तळ एकदम खोल होतो ती जागा आधी मोठ्यांनी चालून बघायची आणि तिच्या बऱ्याच अलीकडे तरंगती दोरी बांधायची.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

कोणी पाण्यातून काढलंच तर आधी पोटावर दाबून पाणी बाहेर काढायचं, नाही का? मुलाला पायांनी उलटं धरायचीही पद्धत होती.

प्रेषक: प्रथमोपचार गट

काका, बरं झालं विचारलंत, कारण हा समज पुष्कळ घरांत आहे. पोट दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही. पोटातलं वर आलं की ते श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि त्या धडपडीत जी मिनिटं जातात ती मेंदूला परवडत नाहीत. बुडालेल्याला हवा प्राणवायू.

क्रम असा. खोल पाण्यात कोणी अडचणीत असेल तर त्याच्यामागोमाग उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या अंगावर चढतो आणि दोघेही बुडतात. काठावर पालथं पडून काठी किंवा टॉवेल पुढे करा, नाहीतर दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेका. दुसऱ्याने त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवायची.

बाहेर काढल्यावर उताणं झोपवा. हाकेला ओ नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, आणि आधी तोंडाने श्वास. छाती वर उचललेली दिसली पाहिजे. सुरुवातीला काही प्रशिक्षणांत २ श्वास शिकवतात, काहींत ५. तुम्ही जे शिकलात ते करा. मग ३० छातीदाब, २ श्वास, पुन्हा ३०. वेग मिनिटाला १०० ते १२०. मोठ्यांत ५ ते ६ सेंमी खोल, मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. तोंडातून फेस येतो. तो पुसत बसू नका, श्वास चालू ठेवा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू. हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र आलं तर छाती कोरडी करून मगच पॅड चिकटवा.

मूल शुद्धीवर आलं, तरी खोकला थांबत नसेल, श्वास जलद असेल किंवा ते फार पेंगुळलं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय.

जाता जाता उन्हाचंही सांगते. कोणी ऊन लागून असंबद्ध बोलू लागलं किंवा झोकांड्या खाऊ लागलं, तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: मानेपर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा. ते जमत नसेल तर अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नीट नसताना पाणी पाजू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. तान्ह्यांच्या गाडीवर सावलीसाठी कापड पांघरू नका, आत हवा कोंडते, छत्री लावा. आणि झोपलेलं मूल मोटारीत दोन मिनिटंसुद्धा नको, काच थोडी खाली असली तरी.

प्रेषक: सहल समिती (पाण्याची जबाबदारी)

पाळ्यांचा तक्ता सोबत जोडला आहे, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, एकूण २४ पाळ्या. आतापर्यंत ९ भरल्या. जेवणाच्या वेळच्या चारही रिकाम्या आहेत. त्या भरल्या नाहीत तर तेवढा वेळ मुलं पाण्याबाहेर. फेकायची १५ मीटरची दोरी आणि दोन शिट्ट्या माझ्याकडे आहेत. भडक रंगाची बंडी कोणाकडे असेल तर कळवा.