रानाला आणि खाजनाला रुपयांचा आकडा लावून ती वाचतात का?

सह्याद्रीकाठचा
काल इथे एका सभासदाने लिहिलं: गोव्यातल्या प्रत्येक हेक्टर रानाची आणि खाजनाची (खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली सखल शेतजमीन) 'सेवा', म्हणजे पाणी जिरवणं, माती धरणं असे निसर्गाचे फायदे, रुपयांत मोजून जाहीर करा, आकडा दिसला की सरकारला रान तोडणं परवडणार नाही. हे वाचून गप्प बसवेना.

अहो, आकडा आहेच की! वनजमीन वळवायची तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या रानाच्या फायद्यांची सरकारने ठरवलेली किंमत, भरावं लागतं. २०२२ च्या सुधारित दराने हेक्टरी साधारण साडेनऊ ते सोळा लाख, अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम एका ओळीत मावते. पैसे भरले की कुऱ्हाड चालवायला मोकळे.

गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातलं रेल्वे दुपदरीकरण कशाने अडलं ते आठवा. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचं म्हणणं साधं होतं: घाटाची हानी मोठी आणि वाहतूक क्षमता वाढणार जेमतेम. हेक्टरी किती लाख, यावर काही ठरलं नाही.

नकाशेवाली
मी हेच काम करते, म्हणून उत्तर देते. तुम्ही सरकारी दर आणि मूल्यमापन एकाच पिशवीत घातलंत. इन्व्हेस्ट या संगणक-प्रणालीत भूवापर, उतार, माती, पाऊस घालतात आणि रान गेलं तर ओढ्यात किती जास्त गाळ येईल ते बघतात. रुपये हवे तर शेवटी, नको तर नको. टेसा ही मूल्यमापनाची पद्धत तर गावातले लोकही वापरू शकतात. त्यात आजची स्थिती आणि तिच्या जागी येऊ शकणारी दुसरी स्थिती शेजारी शेजारी ठेवून बघतात, बस्स.

आणि मोलेबद्दल. रेल्वेला आपली गरज पटवून देता आली नाही, हे नशीब. उद्या ज्या प्रकल्पाची गरज खरीच असेल, त्याच्यासमोर काय घेऊन उभे राहणार? तुम्ही आकडा सांगितला नाहीत तर समोरचा हिशेबात शून्यच धरतो.

खाजनकर
रानाचं चालू द्या. आमच्या खाजनाचं ह्या यंत्रांनी काय केलंय ते ऐका.

आमच्या वाड्याच्या खाली बांध फुटला. दुरुस्तीचे अर्ज फिरत राहिले, तोवर खारं पाणी आत येत राहिलं. माझी आई ज्या मेरेवर (शेताच्या बांधावर) बसून कोरगुटाचा, म्हणजे खारं पाणी सोसणाऱ्या भाताचा, तरवा काढायची, तिथे आज खारफुटी डोक्याच्या वर गेलीय. मग एक टीम आली, लॅपटॉपवर हिरवा नकाशा दाखवला आणि म्हणाली, अभिनंदन, तुमच्या गावात कार्बन साठा वाढला. भाताच्या शेताचा आकडा कमी, खारफुटीचा जास्त. म्हणजे आमचं शेत बुडालं हा गावाचा फायदा! आणि आता ती झाडं तोडायला बंदी, म्हणून बांध दुरुस्त करायला माणूस आत उतरवता येत नाही.

भरती_ओहोटी
खारफुटीला शिव्या घालणं सोपं आहे. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तीच झाडं लाटांचा मार खातात म्हणून मातीचे बांध टिकतात. शेवटे मासे, सुंगटां (कोळंबी) त्यांच्या मुळांतच वाढतात. बांध फुटला कशाने ते सांगा ना! मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी मासळी धरण्याच्या हक्काचा, लिलाव कोण घेतो, बोला.

आमच्याकडे मी डोळ्यांनी बघितलंय. मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप बंद व्हायचं असतं आणि ओहोटीला उघडायचं. लिलाव घेतलेला रात्री त्यात फळी अडकवतो, भरती आत घेतो आणि पाणी उतरताना तोंडाला जाळं लावतो. मासळी भरपूर, शेतात मीठ. दोन-चार वर्षांत शेतकरीच म्हणतो, सोडा आता, भातात काय उरलंय. लिलावाचे पैसे शेवटी कुळांच्या संघटनेकडेच येतात. मग ओरड झाडांच्या नावाने कशाला?

खाजनकर
तोंड सांभाळून लिहा. आमची मानस लिलावाला गेली तेव्हा सभेत विरोध करणारे आम्हीच होतो. एका गावात बघितलं म्हणून सगळ्या कुळांना चोर ठरवू नका. चिखल वाहून बांध घालायला तुम्ही कधी उतरलात?

भरती_ओहोटी
उतरलोय. वडिलांबरोबर, दरवर्षी. म्हणूनच चीड येते. तुमच्या सभेत विरोध झाला असेल तर बरं झालं, बहुतेक ठिकाणी होत नाही.

नकाशेवाली
दोघेही भांडताय ती गोष्ट नकाशात दिसतच नाही, एवढं मान्य करावं लागेल. उपग्रहाच्या चित्रावरून केलेल्या वर्गवारीत बांधाबाहेरची खारफुटी आणि बुडालेल्या शेतातली खारफुटी एकाच रंगात येतात. कार्बनचा तक्ता त्या रंगाला एकच आकडा देतो. पण हा दोष उपकरणाचा नाही, आत काय भरलं त्याचा आहे. बांधाची रेषा वेगळी काढली, 'दुसरी स्थिती' म्हणून दुरुस्त केलेलं खाजन धरलं आणि त्यात भात, मासळी, पुराचं पाणी जिरणं मांडलं, की उत्तर बदलेल. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेतही गोव्याच्या खाजनांचे नकाशे करा, व्यवस्थापन आराखडा करा असं लिहिलंय, आणि तिथल्या खारफुटीलाही संरक्षण आहे. दोन्ही एकत्र बसवायचं तर आधी मोजावंच लागेल.

सह्याद्रीकाठचा
मी रानावर बोललो आणि धागा मानशीत अडकला. असो, माझा मुद्दा त्यातूनही सिद्ध होतो. त्या टीमने कार्बनचा एकच आकडा दिला आणि एका कुटुंबाचं शेत जमेच्या बाजूला गेलं. गाळ मोजा, पाणी मोजा, त्याला माझी हरकत नाही. पण या सगळ्याचे रुपये करून एकात एक मिळवले की कुळेच्या रानाची भरपाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या रोपवाटिकेत होऊ शकते असं कागदावर दिसतं. ते मी कधीच मान्य करणार नाही.

नकाशेवाली
भरपाईचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रुपये नाहीत म्हणून वित्त खात्यात फाईल कोण उघडत नाही, हे मी रोज बघते. तिथे नुसता गाळ चालत नाही.

खाजनकर
ताई, बांधाची रेषा काढायला या. मोठ्या ओहोटीला या, म्हणजे फुटलेली जागा आणि जुन्या मानशीचे दगड उघडे दिसतात. मी स्वतः फिरवीन. पण अहवाल आधी आमच्या कुळांच्या सभेत, मराठीत वाचायचा. मान्य असेल तरच.

भरती_ओहोटी
आणि मानशीच्या लिलावाची गेल्या काही वर्षांची रक्कम त्याच अहवालात हवी. ती द्यायला तुमची सभा तयार आहे का, ते आधी विचारून घ्या.